न तोडलेले झाड

प्राथमिक शाळेच्या पुस्तकात झाडाचे एक चित्र असते. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी अशी नावे बाणांनी दाखविलेली असतात आणि प्रत्येक अवयवापुढे त्याचे काम एका ओळीत दिलेले असते. मुळे झाडाला जमिनीत धरून ठेवतात व पाणी शोषतात. खोड ते पाणी वर पोहोचविते. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. फुलापासून फळ होते आणि फळातून बी. आपल्या घरांतली मुले हे तोंडपाठ म्हणतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या इयत्तेत गेली की विसरतात. या विसरण्यात काही मोठे नुकसान आहे असे कोणालाही वाटत नाही. आम्हांला मात्र असे वाटू लागले आहे की त्या एका पानात नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे आणि तो आज नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, उरण तालुक्यातील द्रोणागिरी येथे, उघड्यावर पडलेला आहे. प्रश्न असा : ज्या झाडाला कोणी हात लावला नाही, ज्यावर कुऱ्हाड पडली नाही, ते झाड वाळून गेले तर त्याला कोणी मारले असे म्हणता येईल काय? आणि येत असेल, तर ते कोणी?

द्रोणागिरी म्हटले की संजीवनी वनस्पतीचा तो पुराणातला पर्वत आठवतो. उरणजवळ करंजा गावाच्या डोंगराला हे नाव आहे. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे आणि पोर्तुगीज अमलातील बांधकामांचे अवशेष आहेत. परंतु आज हे नाव घेतले की डोंगरापेक्षा उपनगर डोळ्यांपुढे येते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईचा आराखडा मांडला गेला आणि त्यातील एका विभागाला या डोंगराचे नाव मिळाले. १९८९ साली शेजारी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्याला येणारा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची लोकल गाडी, या दोहोंचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. इमारती उभ्या राहिल्या, राहात आहेत. ज्या कुटुंबांना मुंबईत दोन खोल्या परवडत नव्हत्या, त्यांना इथे घर मिळते आहे. ही गोष्ट लहान नव्हे आणि पुढे जे लिहायचे आहे ते लिहिताना आम्ही ती विसरू इच्छीत नाही.

उरण हे मुळात बेटच. खाडीच्या आणि समुद्राच्या मधली ही जमीन पूर्वापार तीन प्रकारची होती : डोंगरउताराची कोरडी जमीन, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती व मिठागरे, आणि भरतीचे पाणी रोज दोनदा जिच्यावर येऊन जाते ती खाजण जमीन. वसई-उत्तनच्या वाचकांना खाजण म्हणजे काय हे सांगण्याचे कारण नाही. या खाजणात तिवर उगवते. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी अशी निरनिराळ्या जातींची ही झाडे. सरकारी भाषेत सर्वांना मिळून ‘कांदळवन’ म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर त्यांत तिवरच अधिक. दिसायला ते सामान्यच. त्याला डौल नाही, सुगंध नाही, फुले बारीक पिवळसर. पायथ्याशी चिखल आणि त्या चिखलाचा वास. ‘दलदल’ म्हणून नाक मुरडायला आणि ‘पडीक’ म्हणून नोंद करायला ही जागा फार सोयीची. आणि पाठ्यपुस्तकातले ते चित्र घेऊन इथे आले, तर चित्रातल्या जवळजवळ प्रत्येक बाणापुढचे वाक्य अपुरे ठरते.

मुळापासून सुरुवात करू. मूळ खाली जाते, हा नियम आपण धरून चालतो. मूळ श्वासही घेते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात नसते, कारण बागेतल्या मातीत कणाकणांमध्ये हवा असते आणि मुळाला ती न मागता मिळते. कुंडीत सतत पाणी साचू दिले की रोप पिवळे पडते याचे कारण हेच. पाणी जास्त होते त्यापेक्षा हवा नाहीशी होते. खाजणातल्या चिखलात तर बोटभर खोलीखालीच प्राणवायू जवळजवळ नसतो. त्या चिखलाला येणारा सडक्या अंड्यासारखा वास याचीच खूण. अशा ठिकाणी तिवराची मुळे काय करतात? ती आडवी पसरतात आणि त्यांच्यापासून पेन्सिलीएवढ्या जाडीचे कोंब सरळ वर, चिखलाबाहेर, आकाशाकडे निघतात. ही श्वसनमुळे. उंची साधारण वीतभर. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवराला अशी मुळे दहा हजारांहून अधिक असू शकतात. ओहोटीच्या वेळी खाजणात जो खिळ्यांचा बिछाना दिसतो तो हाच.

प्रत्येक श्वसनमुळावर बारीक छिद्रे असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना वल्करंध्रे म्हणतात. आत स्पंजासारखी पोकळ ऊती असते आणि तिच्यातून हवा खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. भरती आली की मुळे पाण्याखाली जातात. छिद्रांतून पाणी आत शिरत नाही. आतली मुळे साठलेला प्राणवायू वापरीत राहतात. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो. त्यामुळे आतल्या पोकळीतला दाब उतरतो. ओहोटी लागून मुळांची टोके उघडी पडली की बाहेरची ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. म्हणजे या झाडाला छाती नाही, फुप्फुस नाही, आणि तरी ते श्वास घेते. त्याचा श्वास समुद्र चालवितो. भरती हा उच्छ्वास, ओहोटी हा श्वास असे म्हटले तर ते काव्य होईल, पण फारसे खोटे होणार नाही. १९५५ साली पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांदळवनातल्या झाडांच्या हवेतल्या मुळांवरची छिद्रे त्यांनी ग्रीस लावून बुजविली, तेव्हा चिखलातल्या मुळांमधला प्राणवायू झपाट्याने घटला. झाडाची एक फांदीही मोडली नव्हती.

या झाडांचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही आणि त्यात आपल्या परिचयाचे एक नाव आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०५ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील कांदळवने व त्यांचे जीवन यांवर लेख लिहिला. महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यांच्यानंतर त्या परंपरेत फादर सांतापाव आले, जे पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. एका धर्मगुरूने प्रार्थना आटोपून गुडघाभर चिखलात उतरावे आणि मुळांची चिकित्सा करावी, हे आजच्या आपल्या धार्मिकतेच्या कल्पनेत चटकन बसत नाही. ते बसावयास हवे होते, एवढेच इथे म्हणून पुढे जातो.

पानांची गोष्ट थोडक्यात. तिवराचे मूळ पाणी घेतानाच बरेचसे मीठ बाहेर ठेवते, पण सगळे ठेवू शकत नाही. उरलेले मीठ पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात. उन्हाच्या दिवसांत पानावरून बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते. कधीकधी स्फटिकही दिसतात. अन्न करणारे पान इथे मिठागराचेही काम करते. कांदळाची युक्ती निराळी. ते मीठ मुळाशीच अडविते आणि खोडापासून कमानीसारखी आधारमुळे फेकून चिखलात उभे राहते.

बीजाची गोष्ट मात्र थोडक्यात सांगवत नाही. बी म्हणजे झोपलेले झाड, ते जमिनीत पडून वाट पाहते आणि पाऊस आला की जागे होते, हे आपण धरून चालतो. कितीतरी उपदेश या कल्पनेवर उभे आहेत. खाजणात वाट पाहण्याची सोय नाही. पडलेले बी सहा तासांत वाहून जाईल किंवा मिठाने करपेल. म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. फळातून हिरवी शेंगेसारखी लांब कांडी बाहेर येते, आईच्या अंगावर लटकून वाढते आणि पुरी तयार झाल्यावरच सुटते. तिवराचे बीही फळाच्या सालीआड आधीच अंकुरलेले असते. खाली पडले की एकदोन दिवसांत साल सुटते, जाड बीजपत्रांच्या आधाराने ते तरंगते आणि पाणी जिथे टेकवील तिथे मूळ धरते. या वनस्पतीने आपल्या संततीच्या बाबतीत भरतीवर ठेवलेला हा भरवसा आहे : पाणी येईल, उचलून नेईल, आणि परत जाताना कुठेतरी ठेवील.

आता मृत्यूकडे येऊ. तिवर कुऱ्हाडीने मरते, हे सर्वांना दिसते. पण त्याला मारण्याचे आणखी दोन मार्ग आहेत आणि त्यांत आवाज होत नाही. पहिला मार्ग, भरती अडविणे. खाडी आणि खाजण यांच्यामध्ये रस्त्याचा भराव पडतो, त्याखाली जी मोरी ठेवलेली असते ती अपुरी असते किंवा राडारोड्याने बुजते, किंवा झडपेचे दार मिटलेले राहते. आतला चिखल वाळतो, त्याला भेगा पडतात, वरच्या थरात मीठ चढत जाते. दुसरा मार्ग अगदी उलटा, ओहोटी अडविणे. आत आलेले किंवा पावसाचे पाणी बाहेर जात नाही, वीतभर मुळे महिनोन्‌महिने बुडून राहतात, त्यांची टोके वर येत नाहीत, आणि झाड पाण्यात उभे राहून गुदमरते. याच मार्गात भरावाची मातीही धरावी. वीतभर थर पसरला की दहा हजार नाकपुड्या एका ट्रकने मिटतात. दोन्ही प्रकारांत पाने आधी पिवळी पडतात, मग गळतात, फांद्या करड्या होतात. सहा महिन्यांनी, वर्षाने कोणी पाहायला आला तर त्याला वाळके रान दिसते. एकाही बुंध्यावर घाव नसतो. ‘आम्ही हात लावला नाही, झाडे आपोआप वाळली’, हे उत्तर तयार असते आणि त्यातला पहिला अर्धा भाग खराही असतो. उरण-द्रोणागिरी परिसरातील पाणजे, भेंडखळ या ठिकाणांबद्दल भरतीचे पाणी अडविले जात असल्याच्या तक्रारी गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांतून येत आहेत. त्या प्रत्येक तक्रारीचा न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न त्या उत्तराशी आहे.

नीतिशास्त्रात ‘करणे’ आणि ‘होऊ देणे’ यांत भेद केला जातो, आणि तो भेद निरर्थक नाही. नदीत बुडणाऱ्याला न वाचविणारा आणि त्याला ढकलणारा यांना आपण एकच शिक्षा देत नाही. तरीही मिस्साबलीच्या आरंभी आपण जे पापनिवेदन करतो त्यात केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख असतो. म्हणजे ‘मी काही केले नाही’ हे वाक्य आपल्या परंपरेत निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून पुरेसे मानलेले नाही. परंतु भरती अडविण्याचा प्रकार या दोहोंपेक्षा निराळा आहे असे आम्हांला वाटते. इथे कोणी बुडणाऱ्याकडे पाहात उभा नाही. जिच्या आधाराने जीव जगतो ती गोष्टच काढून घेतली जात आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूच्या नळकांड्यासाठी रांगा लावलेल्या किती घरांना हे समजावून सांगावे लागेल? खाटेवरच्या रुग्णाच्या नळीवर कोणी पाय ठेवून उभा राहिला, तर ‘मी रुग्णाला स्पर्श केला नाही’ हे त्याचे म्हणणे आपण ऐकून घेणार नाही. मात्र ते ऐकून न घेण्यासाठी एक गोष्ट ठाऊक असावी लागते : ती नळी कशाची आहे. जो ती पाण्याची समजला, त्याच्या अज्ञानाला आपण क्षमा करू. म्हणूनच मूळ काय करते हे माहीत असणे ही केवळ परीक्षेची बाब राहात नाही. १९०५ साली जे छापले गेले, १९५५ साली जे प्रयोगाने दाखविले गेले, ते आज भराव टाकणाऱ्या अभियंत्याला ठाऊक नसावे हे संभवत नाही.

यावर एक प्रतिवाद असा होईल की हेतू झाड मारण्याचा नव्हता, रस्ता बांधण्याचा होता. संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेला दुहेरी परिणामाचा सिद्धान्त इथे आठवेल : चांगल्या कृतीतून अनिष्ट परिणाम अटळपणे होत असेल, तो इच्छिलेला नसेल आणि त्याच्या तुलनेत हित मोठे असेल, तर ती कृती निषिद्ध नाही. सिद्धान्त मान्य. पण त्यात ‘अटळपणे’ हा शब्द आहे. मोरी दोन फुटांऐवजी दहा फुटांची ठेवता आली असती, झडप दिवसातून दोनदा उघडता आली असती, तर परिणाम अटळ नव्हता. स्वस्त होता, एवढेच. आणि झाडे वाळल्यावर तीच जमीन ‘आता इथे कांदळवन नाही’ म्हणून मोकळी मानली जाणार असेल, तर अनिष्ट परिणाम हा परिणाम न राहता साधन होतो. तिथे त्या सिद्धान्ताचा आश्रय संपतो.

दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार आहे. खाऱ्या पाण्याला बांध घालणे ही काही सिडकोने आणलेली कला नव्हे. रायगडच्या खारेपाटात, ठाण्यात, वसईत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खारबंदिस्ती केली, तिवरे मागे हटवून भात पिकविले, मिठागरे केली. आपल्या पूर्वजांच्या ताटात जो भात होता त्यातला काही या बांधांच्या आतला होता. मग त्यांनाही दोषी धरायचे काय? आम्ही धरीत नाही, आणि त्याचे कारण ते पूर्वज होते हे नव्हे. जुन्या बांधाला उघाडी असे, आणि ती कधी उघडायची, कधी मिटायची हे गाव ठरवीत असे. बांध घालणारा तिथेच राही. बांधाच्या आतल्या भाताचा धनी आणि बांधाबाहेरच्या खाडीत चिंबोऱ्या, कोळंबी, बोईट पकडणारा हे एकमेकांना ओळखत. पुष्कळदा ते एकाच घरातले असत. लाभ आणि तोटा एका गावाच्या वेशीत मोजला जाई. आज ज्याला लाभ होतो तो पनवेलच्या पलीकडे कुठेतरी असतो, आणि तोटा होतो तो हनुमान कोळीवाड्यात.

हा तोटा कवीची कल्पना नव्हे. तिवराच्या मुळांच्या जाळीत कोळंबीची व माशांची पिले वाढतात. चिखलावर निवट्या उड्या मारतात. मुळे गेली की खाडीतला मासा आटतो. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने उरण भागातील पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल देताना १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश बंदर, तेल महामंडळ व सिडको यांना दिला. भरतीच्या पाण्याला आलेला अडथळा आणि कांदळवनांची हानी हे त्या खटल्यातले विषय होते. (आदेश निघणे आणि पैसा होडीपर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते हे कोळी बांधवांना आम्ही सांगायला नको.) झाडाला हक्क असतो की नाही, त्याला दुःख होते की नाही, या वादात पंडितांनी अवश्य पडावे. इथे तेवढे खोल जाण्याची गरज नाही. मुळाचा श्वास कोंडला की चूल कोणाची विझते हे ठाऊक असले तरी पुरे आहे.

गुंता आणखी एका ठिकाणी आहे आणि तो आम्हांला सोडविता येत नाही. या परिसरातील आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. द्रोणागिरीत या योजनेतील काही भूखंडांवर तिवरे उभी आहेत आणि कायदा म्हणतो की ती तोडता येणार नाहीत. ज्याचा बाप गोळीबारात होता त्याला आपण काय सांगणार? झाड महत्त्वाचे आहे, तू थांब? त्याला दुसरीकडे भूखंड द्यावा हे उघड उत्तर आहे आणि ते बरोबरही आहे. पण देण्यास जितकी वर्षे लागतात तितकी वर्षे त्या माणसाच्या दृष्टीने तिवर हे त्याच्या वैऱ्याचे झाड असते. रात्री कोणी येऊन मोरीत दगड टाकले, तर टाकणारा नेहमी धनदांडगाच असेल असे नाही. एका अन्यायाची परतफेड दुसऱ्या अन्यायाच्या जमिनीतून करू नये, हे बोलणे सोपे आहे. ज्याची जमीन गेली नाही त्याला ते अधिकच सोपे.

कायद्याने आपल्या परीने केले. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवने तोडण्यास मनाई करून त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टाही राखण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा घाला ठरविला. २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. २०२० साली पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाला. २०२१ च्या वन सर्वेक्षणात राज्यातले कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदले गेले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु पंचनामा करायला येणारा माणूस तोडलेला बुंधा शोधतो, कारण बुंधा मोजता येतो. बुजलेल्या मोरीचा पंचनामा कोण करणार? आणि उपग्रहाला वरून हिरवा रंग दिसतो. खाली पाणी फिरते की नाही हे दिसत नाही.

प्रारंभीच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला : मारले कोणी? इथे पुन्हा झाडाच्या रचनेकडे वळावे लागते. संत पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली, अनेक अवयव आणि एक देह. शरीराच्या उपमेत मस्तक असते, आज्ञा देणारे कोणीतरी असते. झाडाला मस्तक नाही. मूळ पानाला विचारून पाणी घेत नाही. पान मुळाच्या हुकमाने साखर खाली धाडीत नाही. प्रत्येक अवयव आपापल्या जागी आपले काम करतो आणि त्यातून जे घडते त्याला आपण निःशंकपणे ‘झाड जगते’ असे म्हणतो. कर्ता सापडत नाही म्हणून जगणे नाकारीत नाही. मग वाळलेल्या रानापाशी आल्यावर आपली भाषा का बदलावी? नकाशावर रेघ ओढणाऱ्याने रेघच ओढली. ठेकेदाराने निविदेत होता तेवढा भराव टाकला. मोरीचे माप कोणीतरी जुन्या कोष्टकातून घेतले. झडपेची किल्ली ज्याच्याकडे होती त्याची बदली झाली. जाहिरातदाराने ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असे छापले, आणि आपण, होय, आपल्यापैकीच कित्येकांनी, ते वाचून नोंदणीची रक्कम भरली. प्रत्येकाने आपला एक अवयव चालविला; मस्तक कोठेच नव्हते. दोष सारखाच वाटून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. किल्ली हाती असणारा आणि घर शोधीत आलेला लिपिक यांचे माप एक नव्हे. परंतु मस्तक नाही म्हणून कोणी मारलेच नाही, हे मात्र पटत नाही.

यावर उपाय म्हणून जे केले जाते त्याविषयीही एक शब्द. पाच जूनला शाळांची, मंडळांची मुले खाडीकाठी नेऊन रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. हेतू उत्तम. पण जिथे भरती पोहोचत नाही तिथे लावलेले तिवराचे रोप म्हणजे नळी बंद असलेल्या खाटेवर निजविलेला दुसरा रुग्ण. आणि जिथे भरती पोहोचते तिथे बहुधा लावावेच लागत नाही. जवळपास झाडे असली तर ती आपण होऊन येतात. त्या दिवशी मुलांच्या हातांत रोपाऐवजी मोजपट्टी द्यावी आणि त्यांना मोरीपाशी उभे करावे, असे आम्ही सुचवू. भरतीच्या वेळी आत किती पाणी आले, ओहोटीला किती बाहेर गेले, एवढे लिहून घ्यावे, आणि पुढच्या महिन्याच्या उधाणाला पुन्हा. सहा उधाणांची अशी वही कोणत्याही कार्यालयाच्या टेबलावर ठेवता येते. बुंध्यावर घाव नसलेल्या झाडाचा पंचनामा असाच होऊ शकेल. वेळेत पाणी मोकळे केले तर जी झाडे पुरती मेलेली नसतात ती पुन्हा पालवतात, हेही त्याच वहीत उतरेल.

पावसाळ्यात तिवराची फळे पिकून गळू लागतात. खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी अजून मोकळे आहे, तिथे ती भरतीवर चढून आत येतात आणि भरावाच्या कडेला अडून राहतात. ओहोटी लागते तेव्हा बहुतेक परत जातात. काही मोरीच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये गुंतून, तिथेच मूळ धरतात.